पुस्तकाबाहेरचं गणित आलं की… : मुलांना स्वतः विचार करायला शिकवू पाहणाऱ्यांसाठी

“ताई, ह्यात लसावि काढायचा की मसावि?”

सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलेला असतो. उदाहरण साधारण असं असतं : ८४ सेंटिमीटर आणि १२६ सेंटिमीटर लांबीच्या दोन फिती आहेत. दोन्हींचे सारख्याच लांबीचे तुकडे करायचेत आणि काहीही वाया घालवायचं नाही. तुकडा जास्तीत जास्त किती लांब करता येईल? मुलाला लसावि येतो, मसावि येतो, दोन्ही रीती तोंडपाठ आहेत. पण फीत कापायला घेतली तर काय होईल, हे त्याने मनात आणलेलंच नसतं. आपण “मसावि काढ” म्हणालो की गणित पाच ओळींत सुटतं आणि पुढच्या उदाहरणाला तेच मूल तोच प्रश्न घेऊन येतं.

त्याऐवजी इतकंच विचारून बघा : “समज, १० सेंटिमीटरचे तुकडे केले, तर?” मूल म्हणतं, “८४ चे आठ होतील, ४ उरतील. नाही चालणार.” मग ७ चे? ८४ चे १२, १२६ चे १८, जमलं. याहून मोठा चालेल का? १४ चालतो, २१ चालतो, ४२ चालतो. मग मूल आपणहून म्हणतं, “म्हणजे दोघांनाही भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या.” मसावि म्हणजे काय हे त्याला आता कळलं. रीत त्याला आधीपासूनच येत होती.

नव्याने गणित शिकवू लागलेले शिक्षक, संध्याकाळी अभ्यासिकेत मुलांसोबत बसणारे स्वयंसेवक, घरी मुलांचा अभ्यास घेणारे आईबाबा, दादा-ताई यांच्यासाठी हे लिहिते आहे. डोळ्यासमोर पाचवी ते दहावीची मुलं आहेत. मला मनापासून जे वाटतं ते आधी सांगते : प्रश्न वाचून झाल्यापासून रीत सुचेपर्यंत जो वेळ जातो, तो मुलाचा असतो. मदत करणाऱ्याने तो वेळ राखायचा. आपण बहुतेक सगळे नेमका तोच खाऊन टाकतो.

वेळेबद्दल एक हिशेब सांगते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. दुसरीकडे, १९९६ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा नमुना बघा. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज तीन प्रश्न. आजही तो तसाच आहे. म्हणजे जगभरातून निवडून आलेल्या मुलांना एका प्रश्नाला सरासरी ९० मिनिटं मिळतात, एक अख्खा शिष्यवृत्तीचा पेपर बसेल इतकी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मी नावं ठेवत नाही, तिची तयारीही करून घेते. पण ज्या मुलाने फक्त ७२ सेकंदांचं गणित पाहिलंय, त्याला दोन मिनिटांत सुचलं नाही की “मला गणित येत नाही” असंच वाटणार. अनोळखी प्रश्नाला वेळ लागतोच, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं आणि तसा वेळ प्रत्यक्ष द्यावाही लागतो.

पायरी १ : प्रश्न निवडा

सुरुवातीलाच ऑलिम्पियाडचा प्रश्न समोर टाकू नका. प्रश्न अनोळखी हवा, पण त्यात शिरता आलं पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. त्यातली एखादी संख्या लहान केली, तर मुलाला हातांनी, चित्र काढून किंवा मोजून उत्तर काढता येईल का? येत असेल तर प्रश्न चालेल.

असे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचातलं उदाहरण घ्या आणि त्याचा धडा लपवा. “मसावि” या मथळ्याखाली आलेलं उदाहरण अनोळखी उरत नाही, कारण रीत मथळ्यातच सांगितलेली असते. तेच उदाहरण तीन महिन्यांनी, चार वेगळ्या धड्यांतल्या उदाहरणांत मिसळून द्या. धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह याच कामासाठी असतो आणि वेळ नाही म्हणून बहुतेकदा तोच गाळला जातो. दुसरी युक्ती “कृती पूर्ण करा” अशा प्रश्नांवर चालते. त्यातल्या रिकाम्या चौकटी काढून टाका आणि फक्त पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) ठेवा. चौकटी भरताना पहिली ओळ कायम दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली असते. अनोळखी गणितात सगळ्यात अवघड असते ती हीच पहिली ओळ.

प्रश्न देण्याआधी तो स्वतः सोडवा, जमलं तर दोन वाटांनी. एकच वाट माहीत असली की मूल दुसरीकडे वळताच आपण त्याला ओढून आपल्या वाटेवर आणतो. त्याची वाट बरोबर असली तरीही.

पायरी २ : पेन खाली ठेवून वाचन

फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या अभ्यासकांनी साधारण १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक प्रश्न दिला होता : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी उत्तर दिलं, ३६. ही मुलं बेअक्कल नव्हती. वर्गात गणित म्हणजे दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करायची, हे ती शिकून बसली होती. आपल्याकडच्या मुलांना असाच प्रश्न देऊन बघा. “हे काढताच येणार नाही” असं म्हणणारं मूल भेटलं तर त्याचं तोंडभरून कौतुक करा.

म्हणून पहिली दोन मिनिटं पेन खाली. मुलाला प्रश्न त्याच्या शब्दांत सांगायला लावा, तोही संख्या न घेता : “दोन फिती आहेत, सारखे तुकडे करायचेत, काही उरता कामा नये.” एवढं सांगता आलं की अर्धी भीती जाते. भूमितीत आपण पक्ष आणि साध्य वेगळं लिहितो. ती सवय अंकगणितातही लावा. वहीच्या पानावर डावीकडे “काय दिलंय”, उजवीकडे “काय हवंय”. दिलेल्यातली एखादी माहिती वापरायला लागणारच नाही, असंही असू शकतं, हे आधीच सांगून ठेवा. पाठ्यपुस्तकात तसं क्वचित होतं, त्यामुळे सगळ्या संख्या वापरल्या गेल्या म्हणजे गणित बरोबर, अशी मुलांची ठाम समजूत असते.

पायरी ३ : लहान करून बघा

ही पायरी माझी सगळ्यात आवडती आहे आणि मुलांच्या सगळ्यात जास्त उपयोगाचीही. सातवीतल्या एका मुलीबरोबर हा प्रश्न कसा गेला, ते जसंच्या तसं सांगते.

प्रश्न : जत्रेत कबड्डीचे सामने आहेत. ३७ संघ उतरलेत. बाद पद्धत, म्हणजे हरला तो संघ बाहेर. जोड्या लावताना एक संघ उरला तर त्याला पुढे चाल मिळते. विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील?

तिने लगेच भागाकार केला. “३७ भागिले २, साडेअठरा.” आणि थांबली. माझ्याकडे बघायला लागली. अशा वेळी “चूक” म्हणावंसं वाटतं. मी विचारलं, “साडेअठरा सामने म्हणजे मैदानावर काय दिसेल?”

ती हसली. “अर्धा सामना नसतो. १८ सामने होतील आणि एक संघ उरेल. त्याला पुढे चाल.”

मी काहीच बोलले नाही. तिने खाली लिहिलं, “१८ संघ”. मग खोडलं. “नाही, १९. पुढे चालवालाही येणार ना.” १९ चे ९ सामने, एकाला पुढे चाल, राहिले १०. मग ५ सामने, राहिले ५. मग २, राहिले ३. मग १, राहिले २. मग शेवटचा १. तिने बेरीज केली : १८ + ९ + ५ + २ + १ + १ = ३६.

उत्तर बरोबर होतं. बहुतेक वर्गांत इथे टिकमार्क पडतो आणि पुढचं गणित सुरू होतं. मी म्हटलं, “छान, सगळ्या फेऱ्या नीट सांभाळल्यास. आता संघ थोडेच असते तर किती सामने झाले असते? चार-पाच वेगवेगळ्या संख्या घेऊन बघ.” तिने छोटा तक्ता केला. २ संघ, १ सामना. ३ संघ, २ सामने. ४ ला ३. ५ ला ४. ८ ला ७.

“एक कमीच येतोय सारखा!”

“का?”

इथे बराच वेळ गेला. ती फेऱ्यांमध्ये उत्तर शोधत होती, पुढे चाल मोजत होती, पुन्हा पुन्हा तक्ता बघत होती. तिचा हात पूर्ण थांबल्यावर मी एकच प्रश्न विचारला, “एक सामना झाला की नक्की काय बदलतं?”

“एक संघ घरी जातो.” आणि मग एकदम, “म्हणजे ३६ जणांना घरी पाठवायचंय! मग सामने ३६ च होणार! फेऱ्या मोजायची गरजच नव्हती!”

आता तिला १,००० संघ दिले तरी चालतील. इथे मी किती कमी बोलले ते बघा. माझ्या प्रश्नांमध्ये रीत कुठेच नव्हती. पहिल्याने तिला प्रश्नातल्या मैदानाकडे परत नेलं, दुसऱ्याने संख्या लहान केली, तिसऱ्याने कारण मागितलं आणि चौथ्याने एकाच सामन्यावर लक्ष आणलं. हेच प्रश्न ती उद्या दुसऱ्या गणितात स्वतःला विचारू शकते. मी “प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो, म्हणून एकने कमी” असं फळ्यावर लिहिलं असतं, तर तिला फक्त कबड्डीचं गणित आलं असतं.

लहान करून बघण्याखेरीज सुरुवातीच्या आणखी दोन वाटा मुलांना माहीत हव्यात. एक, चित्र काढणं. दुसरी, अंदाजाने एखादं उत्तर धरून ते तपासणं, जसं फितीच्या गणितात १० सेंटिमीटर धरून केलं. अंदाज चुकला तरी प्रश्न कसा वागतो ते कळतं. काही मुलांना, विशेषतः हुशार म्हणून नाव झालेल्यांना, असं करायचा कमीपणा वाटतो. त्यांना वाटतं, खरं गणित म्हणजे एकदम समीकरण मांडायचं. त्यांच्यासमोर तुम्हीच अंदाज बांधून दाखवा.

पायरी ४ : अडकल्यावर

अडकणं हा या कामाचा नेहमीचा भाग आहे, हे मुलांना आधीच सांगा. पण तेवढ्याने भागत नाही. अडकलं की करायचं काय, हे कळायला हवं.

मुलाने प्रश्न हातात घेतला की निदान तीन मिनिटं बोलू नका. घड्याळ लावून बघा, तीन मिनिटं फार मोठी वाटतात. त्याचं पेन स्वतःच्या हातात घेऊ नका. “सोप्पंय रे!” तर चुकूनही म्हणू नका. आपण धीर द्यायला म्हणतो आणि मूल हिशेब करतं : सोपं असून मला येत नाही, म्हणजे मीच ढ. त्यापेक्षा “हे जरा विचार करायला लावणारं आहे” असं खरं सांगितलेलं बरं. सुटलं तर आनंद मोठा होतो, अडलं तर अपमान वाटत नाही.

मदत द्यायची ती थेंबाथेंबाने, आणि सगळ्यात पातळ मदत आधी. नववीच्या भूमितीतलं एक उदाहरण घेऊ : कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले तर होणारा चौकोन समांतरभुज असतो, हे सिद्ध करा. मुलं आकृती काढतात आणि बसून राहतात. मी मदत या क्रमाने देते.

आधी आकृतीच पुन्हा काढायला सांगते, चांगली वेडीवाकडी, चारही बाजू वेगवेगळ्या. बहुतेक मुलं नकळत चौरसासारखा चौकोन काढतात, मग आतला चौकोनही चौरस दिसतो आणि सिद्ध करण्यासारखं काही उरलंय असं वाटतच नाही. वेड्यावाकड्या चौकोनातही आतला समांतरभुज दिसला की “असं कसं?” हा प्रश्न मुलांच्याच तोंडून येतो. सिद्धतेची गरज त्याशिवाय वाटत नाही.

तरीही गाडी हलली नाही तर साध्याकडे जाते : “एखादा चौकोन समांतरभुज आहे असं म्हणायला काय काय पुरेसं असतं?” मुलं यादी करतात. संमुख बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर, किंवा एकच जोडी समांतर आणि एकरूप, किंवा कर्ण एकमेकांना दुभागतात. यातलं कोणतं मिळेल ते अजून ठाऊक नसतं, पण शोध कशाचा आहे ते कळतं.

मग पक्षाकडे : “मध्यबिंदू हे आत्तापर्यंत कुठल्या प्रमेयात भेटले होते?” कुणीतरी म्हणतं, त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय. “त्याला काय लागतं?” त्रिकोण. “आकृतीत त्रिकोण आहे?” नाही. आता गप्प बसायचं. बऱ्याचदा इथेच कुणाचा तरी हात पट्टीकडे जातो आणि कर्ण काढला जातो. दोन त्रिकोण मिळतात. दोन्हींत मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मा. म्हणजे समोरासमोरचे ते दोन रेषाखंड आपापसांत समांतर आणि एकरूप. झालं.

अगदीच नाही झालं तर शेवटची मदत : “एखादी रचना करावीशी वाटते का?” कर्ण काढा, असं मी सांगत नाही. एखादा तास अपुरा सोडून द्यावा लागला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मुलं सोडवून आणतात. घरी जाताना, जेवताना प्रश्न डोक्यात फिरत राहणं ही किती मोलाची गोष्ट आहे, ते ज्याला एकदा अनुभवाला आलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ५ : कच्चं काम

थोडक्यात सांगते. खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेली वाट एका तिरक्या रेघेने काटा, खाली “हे का सोडलं” ते चार शब्दांत लिहा, पुढे चला. मुलं चुकलेलं इतकं घासून पुसतात की दहा मिनिटांनी तीच चूक पुन्हा करतात. कच्चं काम वहीच्या शेवटच्या पानावर कोंबू नका, त्याच पानावर उजवीकडे जागा ठेवा. पक्कं उत्तर नंतर स्वच्छ लिहायचं, आणि तेही असं की काल गैरहजर असलेल्या मैत्रिणीला वाचून कळलं पाहिजे. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे ही सवय तिथेही कामाला येते.

पायरी ६ : उत्तर आलं, आता?

पहिलं काम, उत्तर परत प्रश्नात नेऊन बघणं. सहलीला २१० मुलं जाणार आहेत, एका बसमध्ये ४४ जण बसतात, किती बस लागतील? भागाकार ४ येतो, बाकी ३४. “४ बस, बाकी ३४” असं उत्तर लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. ते ३४ जण रस्त्यावर उभे आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. उत्तर मोठ्याने पूर्ण वाक्यात म्हणायला लावलं की बहुतेकांना आपलं आपणच कळतं.

दुसरं काम, नमुना दिसला म्हणून त्यावर विश्वास न ठेवणं. लहान करून बघायला शिकवलं की ही काळजी घ्यावीच लागते, नाहीतर मुलं चार संख्या बघून नियम ठोकून देतात. त्यासाठी एक वर्तुळाचा प्रयोग करून घ्या. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना सरळ रेषेने जोडायचा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजायचे. एक बिंदू, १ भाग. दोन बिंदू, २. तीन, ४. चार, ८. पाच, १६. सहा बिंदूंना किती? अख्खा वर्ग ओरडतो, ३२! आता मोजायला लावा. बिंदू असे घ्यायचे की आत कुठेही तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत. सारख्या अंतरावर सहा बिंदू घेतले तर मधोमध तीन रेषा भेटतात आणि एक भाग कमी भरतो. नीट मोजलं की ३१ येतात. मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा मोजतात, आकृती मोठी काढतात, शेजाऱ्याची आकृती बघतात. ३१ च.

यानंतर “का?” हा प्रश्न मुलांना जाच वाटत नाही. कबड्डीच्या प्रश्नात “एक कमी” कायम खरं का, याला कारण होतं. इथे दुपटीला कारण नव्हतं, नुसता योगायोग होता. गणितातली सिद्धता कशासाठी असते, हे या एका आकृतीने जितकं पटतं तितकं माझ्या कुठल्याच बोलण्याने पटलेलं नाही.

आणि एक सवय तुम्ही स्वतःला लावा. “कसं केलंस?” हे उत्तर बरोबर असतानाही विचारा. मोठी माणसं हा प्रश्न फक्त चुकल्यावर विचारतात, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो ऐकला की ती लगेच खोडायला लागतात. बरोबर उत्तरावरही तोच प्रश्न सारखा येऊ लागला की काही आठवड्यांत त्यांची ही धास्ती जाते. मग चेहरा न बघता ती आपलं म्हणणं मांडतात. आत्मविश्वास म्हणतात तो मला इथे दिसतो.

कौतुक करताना “हुशार आहेस” टाळा. काय चांगलं केलं ते सांगा : “आधी लहान संख्या घेऊन बघितलीस, ते बरं केलंस.” हुशारी उद्या पुन्हा दाखवता येईल की नाही याची मुलाला खात्री नसते. लहान संख्या घेऊन बघणं मात्र उद्याही त्याच्या हातात असतं.

पायरी ७ : प्रश्न बदलून बघा

सुटलेल्या गणिताला एक धक्का द्या : अमुक बदललं तर? इथे मला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. मोठ्या विद्यापीठातली खुर्ची नसताना ते आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. ३५२४ घेऊ : ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत सगळ्या संख्या तिथे पोचतात.

पाचवीतल्या मुलालाही हे करता येतं, फक्त वजाबाकी लागते. पण जादू दाखवून थांबू नका. “चारच अंक का? तीन घेतले तर?” मुलं करून बघतात आणि ४९५ ला पोचतात. “दोन?” तिथे गंमत वेगळीच होते. ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, संख्या गोल गोल फिरत राहतात. पाच अंकांचं काय होतं ते मी सांगत नाही, मुलांना शोधू द्या. स्वतः प्रश्न बदललेला असला की तो अनोळखी असूनही परका वाटत नाही.

नेहमीच्या अडचणी

वर्गात साठ मुलं असतील तर प्रत्येकाशी असं बोलणं जमत नाही, हे खरं आहे. मग सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहा आणि शुक्रवारपर्यंत उत्तर सांगू नका. मधल्या दिवसांत मुलं जोडीजोडीने बोलतील. शुक्रवारी वीस मिनिटं काढा आणि उत्तरापेक्षा वाटा ऐका. अर्धवट राहिलेली वाटही फळ्यावर येऊ द्या. आठवड्याला असा एक प्रश्न पुरतो, रोजचा नको. अभ्यासक्रमही पुरा करायचा असतो.

पालक विचारतात, याने गुण वाढतील का? दहावीच्या पेपरात शेवटचे प्रश्न पुस्तकातल्या नेहमीच्या साच्यातले नसतात आणि तिथे याचा थेट उपयोग होतो. मात्र परीक्षेच्या खोलीतला नियम वेगळा ठेवा. पाच मिनिटांत वाट दिसली नाही तर पक्ष आणि साध्य लिहून, आकृती काढून जागा सोडा, पुढे जा, शेवटी परत या. प्रश्न डोक्यात मुरत राहतो आणि परत आल्यावर पुष्कळदा सुचतं. पाढे, सूत्रं, बेरीज-वजाबाकीचा सराव हेही चालूच राहू द्या. ज्याला सात आठे छप्पन्नसाठी थांबावं लागतं, त्याचा विचार तिथेच तुटतो.

आणि तुम्हालाच गणित आलं नाही तर? तसं मुलासमोर सांगा आणि त्याच्या शेजारी बसून मोठ्याने विचार करा : “मला अजून दिसत नाहीये. आपण तीनच घेऊन बघू या का?” मोठं माणूस अडकतं तेव्हा नेमकं काय करतं, हे मुलांना एरवी कधीच बघायला मिळत नाही.

सुरुवातीसाठी काही प्रश्न देते, उत्तरं मुद्दाम देत नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीत “१५ ते ८” म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत ८ पर्यंत. एकूण ठिपके किती? आधी “३ ते २” आणि “५ ते ३” काढून बघा, आणि एकेक न मोजता सांगता येईल का ते शोधा.

१५ ही संख्या ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५ अशी सलग संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते. १ ते ३० पैकी कोणत्या संख्या अशा लिहिताच येत नाहीत?

७ ही संख्या शंभर वेळा घेऊन गुणाकार केला तर शेवटचा अंक कोणता येईल?

कबड्डीचे तेच ३७ संघ, पण आता साखळी पद्धत : प्रत्येक संघ बाकी प्रत्येकाशी एकदाच खेळणार. सामने किती? “घरी जातो” ही युक्ती इथे का चालत नाही, तेही मुलांकडून ऐका.